जुनें गॅस्केट पुन्हां कां वापरूं नये?

मोटारीच्या इंजिनांतून जळून निघालेला तप्त वायु प्रथम ‘एक्झॉस्ट मॅनिफोल्ड’ नामक, बहुधा बिडाच्या, नळ्यांत येतो. इंजिन व मॅनिफोल्ड यांच्या सांध्यांत जें पातळ गॅस्केट घालतात, त्यास कारागीर ‘पॅकिंग’ असेंहि म्हणतात. धातूचे दोन पृष्ठभाग कितीहि सपाट दिसले, तरी त्यांत बारीक उंचसखलपणा असतोच. गॅस्केट दाबलें जाऊन तो भरून काढतें. परंतु एकदां दबलेलें व भाजलेलें गॅस्केट पुन्हां पूर्ववत् होत नाहीं. यास्तव मॅनिफोल्ड उघडल्यावर तें धड दिसलें तरी टाकून नवेंच बसवावें.

बसविण्यापूर्वीं दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ करावे. जुन्या गाड्यांच्या गॅस्केटांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्याची धूळ फुफ्फुसांस घातक, म्हणून तें कोरडें खरवडूं नये. नट मधल्यापासून कडांकडे, दोनतीन फेऱ्यांत, सारखे आवळावे. एकच बाजू आवळल्यास बीड तडकण्याची भीति असते.

सांधा गळूं लागला म्हणजे फटफट आवाज ऐकूं येतो. पण तेथून निसटणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, गंध नाहीं. तो गाडींत सांचल्यास आंतील माणसांच्या जिवावर बेततें. म्हणून गॅस्केटाची काटकसर ही काटकसर नव्हे, असें आम्ही विद्यार्थी व पालक या उभयतांस आग्रहानें सांगतों.