धुळीच्या शहरातील यंत्रमानवी केरसुणी : निवड आणि निगा

राजस्थानची राजधानी जयपूर येथील बनी पार्क ही तटबंदीच्या आतील जुन्या शहराच्या पश्चिमेला, रेल्वे स्थानक आणि सिंधी कॅम्प बस स्थानकाच्या निकट वसलेली निवासी वसाहत आहे. रुंद रस्ते, ऐसपैस बंगले आणि त्यांतील काहींचे झालेले हॉटेलांत रूपांतर ही या भागाची ओळख. सकाळी पुसून लख्ख केलेल्या फरशीवर दुपारपर्यंत धुळीचा पातळ थर जमणे, हा येथील गृहिणींचा नित्याचा अनुभव होय.

स्वतःहून फिरून केर काढणारे व्हॅक्यूम यंत्र, म्हणजेच रोबो व्हॅक्यूम, अशा घरांना साहजिकच आकर्षित करते. भारतीय बाजारात या यंत्रांच्या किमती साधारणतः दहा-पंधरा हजार रुपयांपासून लाखाच्या घरात जातात. मात्र हौसेने घेतलेले यंत्र काही महिन्यांतच कपाटात जाऊन बसल्याची उदाहरणेही कमी नाहीत. त्यामागे बहुधा दोन कारणे असतात : घराचा विचार न करता केलेली निवड आणि निगेकडे झालेले दुर्लक्ष.

धूळ येते कोठून?

जयपूरच्या पश्चिमेला थरचे वाळवंट आहे. एप्रिल ते जून या काळात पश्चिमेकडून येणारे कोरडे वारे बारीक वाळू आणि माती वाहून आणतात. स्थानिक लोक ज्याला ‘आँधी’ म्हणतात, ते धुळीचे वादळ याच काळात उठते. २ मे २०१८ रोजी राजस्थान आणि उत्तर प्रदेशात आलेल्या अशाच भीषण वादळात शंभराहून अधिक लोकांचा मृत्यू झाला होता. केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातही जयपूरचा समावेश करण्यात आला.

या धुळीतील मोठे कण लवकर खाली बसतात. दहा मायक्रॉनपेक्षा लहान कण मात्र बराच वेळ हवेत तरंगत राहतात आणि श्वासावाटे शरीरात जातात. कोरड्या केरसुणीने झाडताना हेच कण पुन्हा हवेत उडतात. दमा अथवा ॲलर्जीचा त्रास असलेल्या व्यक्तींना त्याचा उपद्रव अधिक होतो. व्हॅक्यूम यंत्र धूळ उडवण्याऐवजी शोषून घेते. तथापि तिच्यातील चाळणी, म्हणजे फिल्टर, चांगली असेल तरच हा लाभ मिळतो. अन्यथा पुढून ओढलेली बारीक धूळ मागून पुन्हा खोलीत सोडली जाते.

खरा ‘हेपा’ फिल्टर, अमेरिकी मानकानुसार, ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवतो. खोक्यावर ‘हेपा प्रकारचा’ अथवा ‘हेपासदृश’ असे लिहिलेले असल्यास ती हमी गृहीत धरू नये.

अडीच दशकांची वाटचाल

स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीने १९९६ मध्ये अशा यंत्राचा नमुना ब्रिटिश दूरचित्रवाणीवर दाखवला होता. ‘ट्रायलोबाइट’ या नावाने ते २००१ मध्ये बाजारात आले. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, अमेरिकेच्या आयरोबोट कंपनीने ‘रूम्बा’ आणला आणि हे यंत्र सामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचले.

प्रारंभीची यंत्रे भिंतीला किंवा फर्निचरला धडकून दिशा बदलत असत. त्यामुळे एक कोपरा चार वेळा झाडला जाई आणि दुसरा तसाच राही. २०१० मध्ये निआटो कंपनीने लेसर किरणांच्या साहाय्याने खोलीचा नकाशा तयार करणारे यंत्र आणले. आज मध्यम किमतीच्या यंत्रांतही ही सोय आढळते. यंत्राच्या माथ्यावरील फिरत्या घुमटातून लेसर किरण सोडला जातो, तो परत आल्यावर वस्तूचे अंतर मोजले जाते आणि खोलीचा आराखडा तयार होतो. अनेक खोल्यांच्या घरासाठी नकाशा करणारे यंत्रच घेणे हितावह ठरते. एक-दोन खोल्यांच्या घरात साध्या यंत्रावरही काम भागू शकते.

आधी घर मोजावे

यंत्र निवडण्यापूर्वी हातात मोजपट्टी घेऊन घरातून एक फेरी मारणे उपयुक्त ठरते. पहिली बाब उंबरठ्याची. जुन्या बंगल्यांमध्ये खोल्यांना दगडी उंबरठे असतात. बहुतेक यंत्रे सुमारे दोन सेंटिमीटरपर्यंतचा अडथळा ओलांडतात. अलीकडील काही महागडी यंत्रे चाके उचलून याहून उंच चढतात. उंबरठा त्याहून उंच असेल, तर उतरती लाकडी पट्टी बसवावी लागते किंवा यंत्र हाताने उचलून दुसऱ्या खोलीत ठेवावे लागते.

दुसरी बाब फर्निचरखालच्या जागेची. लेसरचा घुमट असलेल्या यंत्रांची उंची सामान्यतः साडेनऊ ते दहा सेंटिमीटर असते. पलंग किंवा दिवाण त्याहून खाली असल्यास, सर्वाधिक धूळ साचणाऱ्या त्या जागी यंत्र पोहोचणारच नाही.

तिसरी बाब अंथरुणांची. जयपूर हे हातविणीच्या गालिच्यांसाठी प्रसिद्ध आहे. गालिच्याची झालर आणि सतरंजीचे मोकळे दोरे यंत्राच्या फिरत्या ब्रशमध्ये अडकतात. अशी झालर आत दुमडून ठेवावी किंवा नकाशात ती जागा निषिद्ध म्हणून आखून द्यावी.

चौथी बाब फरशीच्या रंगाची. पायऱ्यांवरून कोसळू नये म्हणून यंत्राच्या तळाशी अवरक्त किरणांचे संवेदक, म्हणजे सेन्सर, असतात. खालून किरण परत आला नाही, की पुढे खोल जागा आहे असे समजून यंत्र मागे फिरते. काळा दगड हा किरण शोषून घेतो. परिणामी पांढऱ्या संगमरवरात बसवलेली काळ्या दगडाची नक्षी किंवा काळी किनार काही यंत्रांना खड्ड्यासारखी भासते. खरेदीपूर्वी विक्रेत्याकडे गडद फरशीवर प्रात्यक्षिक मागावे. जमिनीपर्यंत टेकलेले मोठे आरसेही लेसरची दिशाभूल करतात.

जाहिरातीतील आकडे

जाहिरातींमध्ये ओढण्याची शक्ती ‘पास्कल’ या एककात दिली जाते आणि दहा-वीस हजारांचे आकडे ठळकपणे छापले जातात. हा आकडा हवेचा दाब किती कमी होतो हे दर्शवतो. प्रत्यक्ष किती धूळ उचलली जाते, हे नव्हे. ते हवेच्या प्रवाहावर, ब्रशच्या रचनेवर आणि फिल्टरच्या स्वच्छतेवरही अवलंबून असते. संगमरवर, कोटा दगड किंवा मोझॅकच्या उघड्या फरशीसाठी दोन-तीन हजार पास्कलही सहसा पुरेसे होतात. अधिक शक्तीचा उपयोग जाड गालिच्यांवर होतो.

त्यापेक्षा धुळीच्या डबीची क्षमता पाहावी. अनेक यंत्रांत ती ३०० ते ५०० मिलिलिटर असते. धुळीच्या दिवसांत ती एका फेरीतच भरू शकते. चार्जिंगच्या जागी परतल्यावर डबी आपोआप रिकामी करणारे तळघटक महाग असले, तरी अशा शहरात त्यांचा खर्च सार्थकी लागतो. मात्र त्यांतील पिशव्या वेळोवेळी विकत घ्याव्या लागतात, हे विसरू नये.

आधी कोरडे, मग ओले

आजची अनेक यंत्रे केर काढण्याबरोबर फरशीही पुसतात. येथेच सर्वाधिक सावधगिरीची आवश्यकता आहे. राजस्थानातील मकराणा येथील संगमरवर हा मुख्यतः कॅल्साइट या खनिजाचा बनलेला असतो. कठीणपणा मोजण्याच्या मोहस् मापनश्रेणीत कॅल्साइटचा क्रमांक ३ आहे, तर वाळूतील क्वार्ट्झचा ७. म्हणजेच वाळूचा कण संगमरवरावर सहज ओरखडा उमटवू शकतो. वाळू न काढता फरशीवर ओले फडके फिरवले, तर फडक्याखाली अडकलेले कण फरशीची झिलई हळूहळू घालवतात आणि उरलेल्या धुळीचा चिखल होतो.

म्हणून प्रथम संपूर्ण घरातून कोरडी फेरी घ्यावी, डबी रिकामी करावी आणि त्यानंतरच पुसण्याची फेरी सुरू करावी. वादळानंतर जाड थर साचला असल्यास तो आधी मऊ केरसुणीने हलकेच गोळा करणे श्रेयस्कर. तेवढी वाळू ओढण्यासाठी ही छोटी यंत्रे बनवलेली नसतात.

पाण्याच्या टाकीत आम्लयुक्त द्रव, व्हिनेगर किंवा लिंबाचा अर्क घालू नये. संगमरवर आणि चुनखडीच्या जातीचा कोटा दगड या दोहोंवर आम्लाचे डाग पडतात. फिनेल अथवा ब्लीचही यंत्राच्या नळ्यांना अपायकारक ठरू शकते. कूपनलिकेच्या क्षारयुक्त पाण्याने बारीक छिद्रे बुजतात. त्याऐवजी गाळणी यंत्रातील पाणी वापरावे.

निगेचे वेळापत्रक

रोज : धुळीची डबी रिकामी करावी. पुसण्याचे फडके धुऊन वाळवावे. टाकीत उरलेले पाणी ओतून टाकावे. अन्यथा दुर्गंधी येते.

आठवड्यातून एकदा : मुख्य ब्रश काढून त्यात गुंडाळलेले केस आणि दोरे कात्रीने कापून काढावेत. ब्रशच्या दोन्ही टोकांशीही केस साचतात, तिकडे सहसा लक्ष जात नाही. पुढचे लहान चाक ओढून बाहेर काढावे आणि त्याचा आस पुसावा. तळाचे सेन्सर आणि चार्जिंगच्या धातूच्या पट्ट्या कोरड्या मऊ कापडाने स्वच्छ कराव्यात. यंत्र वारंवार अडखळू लागले किंवा चार्जिंगच्या जागी परतेनासे झाले, तर पुष्कळदा बिघाड नसून धुळीने झाकलेले सेन्सर हेच कारण असते.

फिल्टर : तो हलकेच आपटून धूळ झाडावी. धुण्याजोगा फिल्टर असेल तरच तो साबणाविना, साध्या पाण्याने धुवावा आणि किमान २४ तास सावलीत वाळवावा. ओलसर फिल्टर बसवल्यास मोटार खराब होण्याचा धोका असतो. एक जादा फिल्टर घरात असणे सोयीचे. उत्पादक सामान्यतः तीन ते सहा महिन्यांनी फिल्टर बदलण्यास सांगतात. धुळीच्या शहरात ही मुदत आणखी कमी धरावी.

बॅटरी : उष्णता ही लिथियम-आयन बॅटरीची वैरी होय. जयपूरमध्ये मे-जून महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जाऊ शकतो. चार्जिंगची जागा व्हरांड्यात किंवा उन्हाच्या खिडकीपाशी नसावी. उन्हाळ्यात यंत्र सकाळी लवकर चालवणे उत्तम. दीर्घकाळ बाहेरगावी जायचे असल्यास बॅटरी सुमारे अर्धी भरून, यंत्र पूर्ण बंद करून ठेवावे. बॅटरी फुगल्यास वापर तत्काळ थांबवावा. जुनी बॅटरी केरात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

कंपनी, ॲप आणि गोपनीयता

या उद्योगातील कंपन्यांचे भवितव्य अस्थिर राहिले आहे. लेसरचा वापर रूढ करणारी निआटो २०२३ मध्ये बंद झाली. रूम्बाच्या आयरोबोट कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. यंत्र कंपनीच्या दूरस्थ संगणकांवर अवलंबून असेल, तर कंपनीबरोबर त्याच्या सुविधाही संपू शकतात. म्हणून इंटरनेट नसताना केवळ बटण दाबून यंत्र चालते काय, ब्रश आणि फिल्टर सहज मिळतात काय आणि शहरात सेवा केंद्र आहे काय, हे तीन प्रश्न खरेदीपूर्वी विचारावेत.

कॅमेरा असलेल्या यंत्रांबाबत गोपनीयतेचा प्रश्नही उपस्थित झाला आहे. चाचणीसाठी वापरलेल्या काही रूम्बा यंत्रांनी टिपलेली घरांतील छायाचित्रे बाहेर पसरल्याचे डिसेंबर २०२२ मध्ये उघडकीस आले. मे २०२४ मध्ये अमेरिकेतील काही इकोव्हॅक्स यंत्रांचा ताबा अज्ञातांनी घेतला आणि त्यांतून शिवीगाळ ऐकू आली. ज्यांना ही चिंता वाटते, त्यांनी कॅमेऱ्याविना केवळ लेसरवर चालणारे यंत्र निवडावे, पासवर्ड बळकट ठेवावा आणि सॉफ्टवेअर अद्ययावत करावे.

अपेक्षा किती ठेवावी?

हे यंत्र जिने, खिडक्यांच्या चौकटी, जाळ्या आणि फडताळे झाडत नाही. कोपऱ्यांतही ते पूर्णपणे पोहोचत नाही. त्यामुळे घरकाम करणाऱ्या मावशींचे काम संपते असे नाही. रोज वाकून झाडण्याचे कष्ट आणि हवेत उडणारी धूळ मात्र कमी होते. गुडघे किंवा पाठ दुखणाऱ्या वृद्धांसाठी हा लाभ लहान नाही.

खरेदीत दोष आढळल्यास ग्राहकांना ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यासाठी पावती, हमीपत्र आणि मूळ खोके जपून ठेवणे आवश्यक आहे.