डेंग्यूच्या रक्ततपासणीतील दुर्लक्षित आकडा

विषाणूजन्य आजारात रक्ताच्या तपासणीकडून दोन निरनिराळ्या गोष्टींची अपेक्षा असते: आजार कोणता हे ओळखणे आणि तो कोणत्या रुग्णात गंभीर होईल याचा अंदाज बांधणे. डेंग्यूच्या बाबतीत पहिले काम बऱ्याच अंशी सोपे झाले आहे. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत विषाणूचे एनएस१ हे प्रथिन रक्तात सापडते, आणि त्यानंतर आयजीएम या प्रतिपिंडाची चाचणी उपयोगी पडते, जिचे संच पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था देशातील निवडक प्रयोगशाळांना पुरवत आली आहे. दुसरे काम मात्र अजूनही अवघड आहे, कारण बहुसंख्य रुग्ण आठवडाभरात बरे होतात आणि ज्या थोड्यांची प्रकृती पुढे ढासळते, ते पहिल्या दोन-तीन दिवसांत इतरांहून वेगळे दिसत नाहीत.

डेंग्यूत माणूस रक्तस्रावाने दगावतो, असा सर्वसाधारण समज असला तरी अधिक मोठा धोका रक्तवाहिन्या पाझरण्याचा असतो. सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूस शर्करा आणि प्रथिने यांचा एक अतिशय पातळ थर असतो. एनएस१ हे प्रथिन या थराला इजा करते आणि भिंतींचा झिरपा वाढवते, असे २०१५ आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसून आले. अशा वेळी रक्तातील द्रव भाग, म्हणजे प्लाझ्मा, छाती-पोटाच्या पोकळीत उतरतो, वाहिन्यांतील रक्ताचे आकारमान घटते, नाडी क्षीण होते आणि वेळीच द्रव दिला गेला नाही तर रुग्ण शॉकमध्ये जातो. हे सर्व साधारणपणे तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, नेमके ताप उतरत असताना आणि घरच्यांना हायसे वाटत असताना घडते. धोक्याचा हा काळ २४ ते ४८ तासांचा असतो.

हा पाझर रक्ताच्या साध्या तपासणीत दिसतो. रक्ताच्या एकूण आकारमानापैकी तांबड्या पेशींनी किती टक्के जागा व्यापली आहे, हे सांगणाऱ्या मापाला हेमॅटोक्रिट म्हणतात. अनेक अहवालांत ते पीसीव्ही या नावाने छापलेले असते. प्लाझ्मा वाहिनीबाहेर गेला तरी पेशी आतच राहतात, त्यामुळे रक्त दाटते आणि हा टक्का चढतो. बँकॉकच्या बालरुग्णालयातील डॉ. सुचित्रा निम्मानित्य यांच्या निरीक्षणांच्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेने जे निकष स्वीकारले, त्यांत हेमॅटोक्रिट मूळ पातळीपेक्षा २० टक्के किंवा अधिक वाढणे आणि प्लेटलेट एक लाखापर्यंत किंवा त्याखाली येणे, या दोन्ही गोष्टींना स्थान होते. संघटनेच्या २००९ च्या वर्गीकरणातही धोक्याची खूण म्हणून हेमॅटोक्रिटची वाढ आणि प्लेटलेटची झपाट्याने घट ही जोडीनेच नोंदवली आहे.

आपल्याकडे मात्र या जोडीतला एकच आकडा लोकांच्या तोंडी आहे. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवण्यास मदत करणाऱ्या रक्तपट्टिका, डेंग्यूच्या पुष्कळ रुग्णांत घटतात आणि आजार ओसरताना आपोआप वाढतात. त्यांची घट धोक्याचा काळ जवळ आल्याचे सांगते, पण वाहिन्या किती पाझरत आहेत हे सांगत नाही. सिंगापूर आणि मलेशियातील ३७२ प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्लेटलेट २० हजार किंवा त्याहून कमी असूनही रक्तस्राव होत नसलेल्यांना केवळ खबरदारी म्हणून प्लेटलेट चढवल्याने रक्तस्राव टळला नाही, उलट दुष्परिणाम अधिक झाले. तरीही पावसाळा सरताना प्लेटलेटच्या पिशवीसाठी नातेवाइकांना रक्तपेढ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात, हे खेदजनक आहे.

हेमॅटोक्रिट वाचण्यातही एक अडचण आहे आणि ती भारतात विशेष महत्त्वाची ठरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. ज्या स्त्रीचा हेमॅटोक्रिट एरवी ३० असतो, तिचा तो ३६ वर गेला तर वाढ २० टक्क्यांची, म्हणजे गंभीर, असते. पण ३६ हा आकडा अनेक प्रयोगशाळांच्या सामान्य मर्यादेत बसत असल्याने अहवालावर धोक्याची कोणतीही खूण उमटत नाही. शिवाय शिरेतून सलाइन दिल्यावर किंवा आत रक्तस्राव झाल्यावर हा टक्का उतरतो, म्हणून एकट्या आकड्यापेक्षा त्याची चाल आणि रुग्णाची अवस्था एकत्र पाहावी लागते.

पाझर सुरू होण्यापूर्वीच त्याची चाहूल लागावी, यासाठी संशोधक इतर खुणा शोधत आहेत. व्हिएतनाम, कंबोडिया, मलेशिया आणि एल साल्वाडोर येथील ८३७ रुग्णांच्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तापाच्या पहिल्या तीन दिवसांतील रक्तात दाहाशी आणि वाहिन्यांच्या इजेशी निगडित दहा पदार्थ मोजले गेले. त्यांत लोह साठवणारे फेरिटिन होते, तसेच वाहिन्यांच्या त्या पातळ थरातून सुटणारे सिंडेकॅन-१ हे प्रथिनही होते. मुलांत आणि प्रौढांत सर्वांत उपयोगी ठरलेले संच वेगवेगळे निघाले.

अशा चाचण्यांकडून काय मागावे, हे एका काल्पनिक हिशेबातून स्पष्ट होते. हजार रुग्णांपैकी २० जण गंभीर होणार असतील आणि चाचणी त्यांतील ९० टक्के रुग्ण हेरत असेल, पण उरलेल्यांपैकी २० टक्क्यांना चुकून धोक्यात दाखवत असेल, तर धोक्याचा शिक्का बसलेल्या २१४ जणांपैकी प्रत्यक्षात केवळ १८ जण गंभीर होतील. याउलट निर्धोक ठरवलेल्या ७८६ जणांत असे दोघेच असतील. म्हणजे अशी चाचणी खाटा कोणासाठी राखाव्यात यापेक्षा घरी कोणाला पाठवता येईल हे अधिक खात्रीने सांगते, आणि साथीच्या दिवसांत भरलेल्या सरकारी रुग्णालयाला याच उत्तराची जास्त गरज असते.

या नव्या चाचण्या तालुक्याच्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचेपर्यंत सीबीसी ही रक्ताची नेहमीची तपासणी हाताशी आहे. तापाच्या पहिल्या दिवसांत केलेल्या सीबीसीचा कागद रुग्णाने जपून ठेवावा, ताप उतरल्यावर पुन्हा केलेल्या तपासणीत प्लेटलेटच्या शेजारी पीसीव्हीचा आकडाही डॉक्टरांना विचारावा आणि पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त येणे किंवा असाधारण मरगळ यांपैकी काहीही दिसल्यास कोणत्याही अहवालाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.