कापूर, जवस आणि हिरवा पाईप
(लेखमाला : रोजच्या वस्तूंचं रसायन)

येरमाळ्यात सोलापूर–धुळे महामार्गालगत शेतीसामानाच्या दुकानात गेलात, तर दोन पाईप शेजारी शेजारी दिसतील. एक राखाडी, ताठ, वीस फुटी. दुसरा हिरवा, वेटोळं करून टांगलेला सक्शन पाईप. दोन्हींचा माल वेगळा वाटतो, पण मूळ प्लॅस्टिक एकच, पीव्हीसी. हिरव्यात फक्त तेलासारखा एक पातळ पदार्थ मिसळलेला असतो, आणि तोही थोडाथोडका नाही. मऊ पीव्हीसीच्या वजनाचा चौथा, कधी तिसरा हिस्सा त्याचाच असतो. हा प्लॅस्टिसायझर. (ठिबकची काळी नळी आणि शेततळ्याचा कागद या हिशेबात धरू नका. ते पॉलिथिनच्या कुळातले, जातीचेच लवचीक.)

पीव्हीसीच्या लांब साखळ्या क्लोरिनमुळे एकमेकींना घट्ट धरून असतात, हे मागच्या भागात आलं आहे. सुमारे ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्याशिवाय ही पकड सुटत नाही. प्लॅस्टिसायझरचे रेणू साखळ्यांच्या मध्ये शिरून ती सैल करतात, आणि साखळ्या साध्या हवामानातही एकमेकींवरून सरकू लागतात. गोम पुढे आहे. हे रेणू साखळीला रासायनिक बंधाने जोडलेले नसतात. ते पाहुण्यासारखे राहतात आणि संधी मिळाली की निघतात: उन्हात हवेत, तेलकट पदार्थाच्या संगतीत तेलात, बाळाच्या तोंडात लाळेत. काही उन्हाळे काढलेला पाईप वळणावर चिरतो, मोटारसायकलच्या सीटचं रेक्झिन तडकतं, त्यामागे बरीचशी ही गळती असते. म्हणून केबलच्या आवरणाचा तुकडा आधी तोलतात, ८० अंशांच्या भट्टीत सात दिवस ठेवतात आणि पुन्हा तोलतात. वजन किती घटलं यावर मालाची प्रत ठरते.

वनस्पतीपासून प्लॅस्टिसायझर म्हटलं की काहीतरी अगदी आजचं शोधकार्य वाटतं. खरं तर जगातला पहिला नावाजलेला प्लॅस्टिसायझर झाडाचाच होता: कापूर. १८७० साली अमेरिकेत जॉन वेस्ली हयात याने नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर मिसळून सेल्युलॉइडचं पेटंट घेतलं. त्याच्याही आधी इंग्लंडच्या अलेक्झांडर पार्क्सने अशाच मिश्रणात एरंडेल वापरून पाहिलं होतं. दादासाहेब फाळक्यांचा १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’ ज्या फिल्मवर उतरला, तीही याच सेल्युलॉइड घराण्यातली. देवीपुढे जळणारा कापूर आणि तो चित्रपट यांचं असं नातं आहे. पण कापूर उघड्यावर ठेवला की उडून जातो, हे घरोघरी माहीत आहे. फिल्ममधूनही तो वर्षानुवर्षं उडत राहतो, मग फिल्म आकसते, ठिसूळ होते. म्हणजे वनस्पतीचा पहिला प्लॅस्टिसायझर टिकण्याच्या परीक्षेत नापास झाला, आणि ती परीक्षा अजून बदललेली नाही.

१९२६ साली वाल्डो सेमन याने अमेरिकेत पीव्हीसी मऊ करून दाखवलं. पुढच्या दशकांत खनिज तेलापासून बनणाऱ्या थॅलेटांनी बाजार व्यापला. त्यातलं डीईएचपी स्वस्त, पीव्हीसीत सहज मुरणारं, काम चोख करणारं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मात्र त्याचा वाढत्या नर पिल्लांच्या प्रजननसंस्थेवर परिणाम दिसला, आणि युरोपने २००५ साली खेळण्यांतल्या अशा थॅलेटांवर कायमची बंदी आणली. आपल्याकडे १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांना आयएसआय शिक्का सक्तीचा आहे, आणि खेळण्यांच्या मानकाचा एक भाग थॅलेटांसाठीच आहे. चैत्र पौर्णिमेला येडेश्वरीच्या यात्रेत पोरासाठी दाबली की वाजणारी मऊ बाहुली घेताना तेवढा शिक्का बघून घ्यावा.

आता सोयाबीनकडे येऊ. धाराशिव जिल्ह्याचं खरिपातलं मुख्य पीक तेच. सोयाबीनचं तेल जसंच्या तसं पीव्हीसीत घातलं तर ते नांदत नाही, वेगळं होऊन पृष्ठभागावर येतं. कारण त्याच्या लांब शेपट्यांना पीव्हीसीच्या क्लोरिनशी काही देणंघेणं नसतं. म्हणून तेलाला आधी घडवावं लागतं. तेलाच्या एका रेणूत सरासरी साडेचारच्या आसपास दुहेरी बंध असतात. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि फॉर्मिक किंवा ॲसेटिक आम्लाबरोबर साधारण ६० ते ७० अंशांवर ढवळलं की त्या बंधांवर ऑक्सिजन बसतो आणि तीन कोनी कडी तयार होते, तिचं नाव इपॉक्साइड. या कड्या पीव्हीसीशी जवळीक साधतात. शिवाय तापलेल्या पीव्हीसीतून सुटणारं हायड्रोक्लोरिक आम्ल त्या टिपून घेतात, त्यामुळे प्लॅस्टिक लवकर करपत नाही. असं इपॉक्साइड केलेलं सोयाबीन तेल पीव्हीसीच्या कारखान्यांत अनेक दशकं वापरात आहे.

मग सगळा सक्शन पाईप सोयाबीनचा का नाही? कारण त्याचा रेणू फार मोठा, डीईएचपीच्या अडीचपट. मोठा रेणू सहज पळत नाही हा फायदा, पण साखळ्यांत शिरून त्यांना सैल करण्यात तो मागे पडतो. प्रमाण वाढवलं, ऊन लागलं, की तो घाम सुटावा तसा वर येतो आणि पाईप चिकट होतो. म्हणून तो बहुधा मुख्य प्लॅस्टिसायझरच्या जोडीला थोडाच घालतात.

आपल्या भागातलं जवस इथे उजवं ठरतं. ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, त्या जवसाच्या तेलात रेणूमागे सहाहून जास्त दुहेरी बंध असतात, म्हणजे कड्याही जास्त आणि पीव्हीसीशी सूत अधिक चांगलं. करडई या दोघांच्या मधली. एरंडाची गोष्ट निराळी. त्याच्या शेपटीवर मुळातच एक हायड्रॉक्सिल गट असतो, आणि त्याचा उपयोग करून डॅनिस्को या डॅनिश कंपनीने एरंडेलापासून थॅलेटाची जागा पूर्णपणे घेणारा प्लॅस्टिसायझर बाजारात आणला. जगातला बहुतेक एरंड भारतात, मुख्यतः गुजरातेत पिकतो, हे पाहता असं उत्पादन इथे आधी यायला हवं होतं असं मला वाटतं.

‘वनस्पतिजन्य’ हा शिक्का जन्माचा दाखला आहे, वर्तणुकीचा नव्हे. बरण्यांच्या झाकणातल्या मऊ रबरासारख्या कडीत इपॉक्साइड केलेलं सोयाबीन तेल भरपूर असतं, आणि ते तेलकट पदार्थात उतरतं. युरोपात बाळांच्या बरणीबंद खाण्यात ते सापडल्यावर त्याचीही रोजची मर्यादा मोजावी लागली. उलट उदाहरण रक्ताच्या पिशवीचं. तिथे पिशवीतून पाझरणारं डीईएचपीच लाल पेशींच्या आवरणाला आधार देतं आणि रक्त जास्त दिवस टिकतं. त्याची जागा घेऊ शकणारे सायट्रेट आहेत. त्यासाठी लागणारं सायट्रिक आम्ल उसाच्या मळीवर बुरशी वाढवून मिळतं. पण पिशवी बदलायची तर पेशी किती फुटतात हे नव्याने तपासावं लागतं.

राहिला पैशाचा प्रश्न. देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. अशा वेळी ताटातलं तेल पाईपात ओतायला मोठ्या प्रमाणावर कोणी धजावणार नाही, आणि प्लॅस्टिसायझरमुळे कळंबच्या बाजार समितीत सोयाबीनचा भाव चढेल अशी आशाही कोणी लावू नये. तो भाव पेंड आणि खाद्यतेलच ठरवतात. मला जास्त भरवसा कोकणातल्या काजूच्या टरफलावर आहे. त्यातलं तेल कातडी भाजणारं, खाण्याच्या कामाचं नाही. त्यातून निघणाऱ्या कार्डेनॉलला पंधरा कार्बनची शेपटी आणि एक बेंझीनचं कडं असतं, म्हणजे थॅलेटाशी चांगलंच साम्य. रंग गडद येतो ही त्याची अडचण, पण सक्शन पाईपाला किंवा काळ्या केबलला गोरं असण्याची गरजच काय?