दोन हट्टी वायू आणि जांभळी वीज

पोरांनो, आजच्या गोष्टीतले दोघे डोळ्यांना दिसत नाहीत, पण पृथ्वी तापवण्यात दोघांचाही हात आहे. एक कार्बन डायऑक्साइड, दुसरा मिथेन. गोबर गॅसच्या शेगडीत निळी ज्योत देतो, तोच हा मिथेन. न जळता हवेत सुटला, तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो वजनाला वजन धरून कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो. दोघांना एकमेकांशी भिडवलं, तर मात्र हायड्रोजन मिळतो.

पण दोघेही भारी हट्टी! मिथेनमधला कार्बन आपले चार हायड्रोजन घट्ट धरून बसलेला. १९२८ साली जर्मनीत फिशर आणि ट्रॉप्श या जोडीने धातूंच्या साहाय्याने दोघांना भिडवण्याची ही क्रिया अभ्यासली. ती नीट व्हायला भट्टी सातशे-आठशे अंशांच्याही वर न्यावी लागते, आणि त्यासाठी वापरलेल्या निकेल धातूवर काजळी धरली की त्याचं काम थंडावतं.

भट्टीऐवजी वीज वापरून पाहता येते. त्याच १९२८ मध्ये अमेरिकेत आयर्विंग लँगम्यूरने विजेने भारलेल्या वायूला ‘प्लाझ्मा’ हे नाव दिलं. आकाशातली वीज हा प्लाझ्माच. प्रयोगशाळेत तो एका काचेच्या नळीत मावतो. नळीच्या मधोमध धातूची कांडी, बाहेरून जाळी गुंडाळलेली, आणि त्यांच्यामध्ये हजारो व्होल्टचा दाब. आतून वायू सोडला की बारीक जांभळे धागे चमकू लागतात. एकेक धागा सेकंदाच्या कोट्यवधीव्या भागात विझतो, तोवर दुसरा पेटलेला असतो. काचेमुळे ठिणगीचा मोठा लोळ होत नाही. ही युक्ती वेर्नर फॉन सीमेन्सची, १८५७ सालची. त्याला ओझोन बनवायचा होता.

खरी गंमत आत आहे. जत्रेच्या गर्दीत मोठी माणसं हळूहळू सरकतात आणि पोरं मात्र सुसाट धावत सगळ्यांना धडकतात ना, तसे इलेक्ट्रॉन. ते हजारो अंश तापमानाला शोभेल अशा ऊर्जेने पळतात, पण वायू बराच थंड राहतो. त्यांच्या धडकेने मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड, दोघांचेही बंध तुटतात. सुटलेले तुकडे वाटेल तसे जुळू नयेत, म्हणून उत्प्रेरक, म्हणजे क्रियेला मदत करणारा पदार्थ, हवा. निकेलच्या सूक्ष्म कणांवर ते टेकतात आणि मग हायड्रोजनचे दोन अणू एकत्र येऊन निघून जातात. सोबत कार्बन मोनॉक्साइडही निघतो. तो विषारी खरा, पण रसायनांच्या कारखान्यात कामाचा. वाफेबरोबर घेतला तर आणखी हायड्रोजन मिळतो. मात्र कार्बन डायऑक्साइड पुन्हा हजर होतो.

गोबर गॅसमध्ये मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड मुळातच एकत्र असतात, हे मला फार मोलाचं वाटतं. अडचण विजेची आहे. या नळीला ती अजून फार लागते. ती कोळशाची असेल तर हा खटाटोप करूच नये. उन्हाची किंवा वाऱ्याची असेल तरच करावा. कमी विजेत हे जमवणं अजून बाकी आहे. तुमच्यापैकी कुणाला रसायनशास्त्राची गोडी असेल, तर हे काम हाती घ्या.