भरलेल्या पोटऱ्या

आमच्या बीड जिल्ह्यात माणसाचं शरीर पारखायची एक जुनी नजर आहे. लेकरू अंगणात उभं राहिलं की म्हातारी माणसं आधी त्याच्या पोटऱ्या बघतात, मग मनगट. पोटऱ्या भरलेल्या असल्या की ‘पैलवान होणार गडी’ हे ठरलेलं वाक्य. ही नजर उगाच आलेली नाही. पाटोद्याच्या राहुल आवारेनं २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाचं सुवर्ण आणलं आणि पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवलं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत पायी जायचा. पुढे फौजेत गेला, सियाचिनला राहिला आणि २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ११.२० सेकंदांत पळाला. सुवर्ण हुकलं ते सेकंदाच्या पाच शतांशांनी.

शरीराला मोल असण्याचं दुसरं कारण कडू आहे. दिवाळीच्या आसपास इथली हजारो कुटुंबं ऊसतोडीसाठी कारखान्याच्या फडावर जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, उचल आधीच घेतलेली, आणि एक दिवस अंग टाकलं की खाडा. ज्या मुलखात अंगमेहनत हीच पत, तिथं ‘अंगात बळच राहत नाही’ या तक्रारीचा अर्थ पटकन कामचुकारपणा असा लावला जातो.

भरलेल्या पोटऱ्यांचं कौतुक करणारी नजर एका ठिकाणी मात्र भयंकर फसते. ड्युशेन नावाच्या स्नायूक्षयात चार-पाच वर्षांच्या मुलाच्या पोटऱ्या खरोखरच फुगतात. पण त्या ताकदीनं फुगलेल्या नसतात. स्नायूचे तंतू तुटत जातात आणि त्यांची जागा चरबी आणि चिवट ऊती घेतात. हा आजार जवळजवळ फक्त मुलग्यांना होतो, जगभरात साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला. फ्रान्समधल्या ड्युशेन या डॉक्टरनं १८६०च्या दशकात त्याचं वर्णन केलं. १८७९ मध्ये लंडनच्या गॉवर्सनं त्याची एक खूण नोंदवली, ती पाहायला आजही कुठलं यंत्र लागत नाही. जमिनीवर बसलेलं मूल उठताना आधी ओणवं होतं, मग हात गुडघ्यावर, मग मांडीवर टेकवत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखं उभं राहतं. अशा मुलाला घरचे ‘आळशी’ म्हणतात, शाळा ‘ढिला’ म्हणते, आणि एखादा शुभचिंतक जोर-बैठका सुरू करायला सांगतो. नेमका हाच सल्ला घातक. या स्नायूंना जबर ताणाचा व्यायाम आणखी फाडतो.

स्नायूच्या दुर्मीळ आजारांबद्दल जगाला जे थोडंफार कळलं, ते बऱ्याच अंशी खेळाडूंमुळे कळलं. मागं वळून पाहताना त्याचं कारण मला स्पष्ट दिसतं. खेळाडूच्या शरीराची वही असते. धावा, सेकंद, मीटर रोज लिहिले जातात. उतरण डोळ्यांना दिसण्याआधी आकड्यांत दिसते आणि आकडा खोटं बोलतोय असं कुणी म्हणू शकत नाही.

सुरुवात १९३९ पासून करावी लागते. न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाचा लू गेरिग १ जून १९२५ पासून एकही सामना न चुकवता खेळत होता, सलग २,१३० सामने. लोक त्याला लोखंडी घोडा म्हणायचे. १९३८ मध्ये त्याची सरासरी घसरली. १९३९ च्या पहिल्या आठ सामन्यांत २८ वेळा फळी फिरवून त्याला चार हिट मिळाले. वय झालं, सुस्ती आली, अशी बोलणी सुरू झाली. त्याला खरं लागलं ते वेगळंच. एक अगदी साधा चेंडू त्यानं अडवला तेव्हा सोबत्यांनी त्याची पाठ थोपटली. साध्या गोष्टीला शाबासकी मिळायला लागली म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे त्यानं ओळखलं आणि २ मे रोजी डेट्रॉइटला स्वतःहून संघाबाहेर बसला. १९ जूनला, छत्तिसाव्या वाढदिवशी, मेयो क्लिनिकनं निदान सांगितलं. दोन वर्षांत तो गेला. अमेरिकेत त्या आजाराला अजून त्याच्याच नावानं ओळखतात.

गेरिगचा आजार खरं तर स्नायूचा नव्हता, स्नायूला हुकूम पोचवणाऱ्या चेतापेशींचा होता. हा फरक सांगायला आमच्या वावरातली पाण्याची मोटार पुरते. मोटार चालत नाही तेव्हा शेतकरी तीन जागा बघतो. लाइनच गेली का, स्टार्टरचा कॉन्टॅक्ट जळाला का, का मोटारच जळाली? गेरिगची लाइन तुटत गेली. मायस्थेनिया ग्रॅव्हिसमध्ये चेता आणि स्नायू जुळतात तिथला कॉन्टॅक्ट बसतो. शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती तो बंद पाडते. ड्युशेनमध्ये मोटार स्वतःच जळत जाते. बाहेरून तिन्हींत दिसतं एकच, पाणी पडत नाही. विहिरीवर ज्या चिकाटीनं दोष शोधतो, तेवढी चिकाटी लेकराच्या पायांसाठी मात्र आपल्याकडे दिसत नाही. तिथं ‘वारं गेलं’ म्हणून विषय संपतो, नाहीतर अंगारा लावला जातो.

मायस्थेनिया हा शब्द आपल्याकडे पोचला तो १९८४ च्या सुमारास, अमिताभ बच्चनमुळे. ‘कुली’च्या अपघातातून उठलेला नायक पुन्हा थकायला लागला आणि वर्तमानपत्रांत हे अवघड नाव छापून आलं. शब्द पोचला, अर्थ पोचला नाही. सकाळी धड असणारा माणूस संध्याकाळी पापण्यासुद्धा उचलू शकत नाही, हे या आजाराचं मुख्य लक्षण. ‘सकाळी तर चांगला होता की’ या एका वाक्यानं किती जणांना खोटं ठरवलं असेल!

सायकलपटू ग्रेग लेमाँडची गोष्ट गुंतागुंतीची आहे, म्हणूनच टाळू नये. टूर दी फ्रान्स तीनदा जिंकणाऱ्या या माणसाला १९८७ मध्ये शिकारीत चुकून छर्रे लागले होते. काही तसेच अंगात राहिले. तरी त्यानं १९८९ आणि १९९० ची स्पर्धा जिंकली. मग पाय साथ देईनात. १९९४ मध्ये पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागाचा, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचा स्नायुविकार असल्याचं सांगून तो निवृत्त झाला. पुढे त्यानं स्वतःच त्या निदानावर शंका घेतली आणि छर्‍यांच्या शिशाकडे बोट दाखवलं. जगातले उत्तम डॉक्टर हाताशी असलेल्या माणसाची ही गत, तर बाकीच्यांना निदान मिळायला वर्षं लागतात यात नवल नाही.

पण या सगळ्या काळात मला सर्वात मोठी वाटते ती एका अशा बाईची कामगिरी, जी कधी धावलीच नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातली जिल वाइल्स. तिचे हातपाय काडीसारखे, लहानपणापासून पडायची. कॉलेजात असताना ग्रंथालयात बसून तिनं स्वतःचं निदान स्वतः शोधलं: एमरी-ड्रायफस स्नायूक्षय. हा आजार पुरुषांचा मानला जायचा, म्हणून तिची कागदपत्रं बघायलाही डॉक्टर तयार नव्हते. याच आजारात हृदयाचे ठोके बिघडतात हे वाचून तिनं वडिलांची तपासणी करवली. ठोके धोकादायक मंद निघाले, पेसमेकर बसला. घरच्यांच्या रक्ताचे नमुने तिनं इटलीतल्या संशोधकांकडे पाठवले, आणि १९९९ मध्ये त्यांनी कळवलं की एलएमएनए या जनुकात खरोखर बिघाड आहे.

पुढे कॅनडाची अडथळा शर्यतपटू प्रिसिला लोप्स-श्लिप हिचा फोटो जिलच्या बघण्यात आला. बीजिंग ऑलिंपिक २००८ चं कांस्य, बर्लिनच्या २००९ च्या जागतिक स्पर्धेचं रौप्य. कातीव, पिळदार अंग. उत्तेजकं घेत असावी अशी कुजबुज तिच्यामागे कायम. जिलला मात्र त्या फोटोत वेगळंच दिसलं. हातापायांवर जिथं चरबी असायला हवी तिथं ती नाही, आणि ही रिकामी जागा नेमकी आपल्या अंगासारखी आहे. एकीचे स्नायू विरलेले, दुसरीचे उसळलेले, आणि तरी या बाईनं ठरवलं की दोघींचा बिघाड एकाच जनुकात आहे. पत्रकार डेव्हिड एपस्टीनच्या मदतीनं दोघी भेटल्या. डॅलसचे, मूळचे भारतीय, डॉ. अभिमन्यू गर्ग यांनी प्रिसिलाची तपासणी केली. जिलचं खरं निघालं. प्रिसिलाला लायपोडिस्ट्रॉफी होती, चरबी साठवण्याचा जन्मजात दोष, आणि रक्तातली चरबी इतकी वाढलेली की स्वादुपिंडाला केव्हाही इजा झाली असती. ऑलिंपिक पदकविजेतीला तिचा आजार सांगितला तो जिना चढता न येणाऱ्या बाईनं. एपस्टीननं २०१६ मध्ये ही हकीकत लिहिली. स्नायू डोळ्यांनी पारखता येत नाहीत याचा इतका चोख पुरावा मी दुसरा वाचलेला नाही.

त्यानंतरची वर्षं भराभर सरकली. स्कॉटलंडचा रग्बीपटू डॉडी वेअर याने २०१७ मध्ये गेरिगच्याच जातीचा आजार जाहीर केला. मे २०२३ मध्ये लीड्सच्या मॅरेथॉनला रग्बीपटू केव्हिन सिनफील्डनं याच आजारानं खिळलेला आपला जुना सोबती रॉब बरो याची चाकाची खुर्ची ढकलत सगळं अंतर पार केलं आणि शेवटच्या रेषेपाशी त्याला उचलून घेतलं. जून २०२४ मध्ये रॉब गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये टेनिसची मोनिका सेलेस मायस्थेनियाबद्दल उघड बोलली. तिला पहिली खूण मिळाली होती चेंडूतच: एकाऐवजी दोन दिसायला लागले.

आपल्याकडे याच सुमाराला जाग आली ती वेगळ्या दारानं. २०२१ च्या सुरुवातीला मुंबईतल्या एका बाळासाठी सोळा कोटींचं इंजेक्शन लोकवर्गणीतून आलं, केंद्रानं सुमारे सहा कोटींचा कर माफ केला, आणि एसएमए या चेता-स्नायूंच्या जन्मजात आजाराची तीन अक्षरं चहाच्या टपरीवर पोचली. त्याच मार्चमध्ये दुर्मीळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आलं. वर्षभरानं मदतीची मर्यादा ५० लाखांवर गेली. २०२४ च्या फेब्रुवारीत ‘दंगल’मधली छोटी बबिता, सुहानी भटनागर, एकोणिसाव्या वर्षी डर्माटोमायोसायटिसनं गेली. पडद्यावर कुस्ती खेळलेली पोर स्नायूंच्याच आजारानं जावी, हे आमच्याकडच्या तालमींतल्या पोरांनासुद्धा लागलं. आणि २०२५ च्या जानेवारीत पुण्यात जीबीएस या चेतांच्या आजाराची साथ आली तेव्हा पायातली ताकद अचानक जाणं म्हणजे करणी नव्हे, हे बीडच्या बसस्थानकावरही बोललं गेलं.

जुलै २०२५ मध्ये मोनॅकोला साबळेच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. त्याचे स्नायू ठणठणीत आहेत, दुखापत साधीसरळ खेळाची. पण ती बातमी कळताच आष्टीतलं शाळकरी पोरसुद्धा ‘एसीएल’ म्हणायला शिकलं. हा शब्द त्यांना साबळेनं दिला. ड्युशेनला असा आपला माणूस मिळणार नाही, कारण ती मुलं बाराव्या वर्षाच्या आसपास खुर्चीला खिळतात; मैदानापर्यंत पोचतच नाहीत. त्यांची वही कुणी लिहीत नाही.

ती वही शाळेच्या मैदानावर मात्र सहज लिहिता येते. जिल्हा परिषदेच्या शाळेत पी.टी.च्या तासाला गुरुजी शिट्टी वाजवतात आणि खाली बसलेली सगळी पोरं टुणकन उठतात. त्यांत एखादं हात मांडीवर टेकवत उठत असेल, त्याच्या पोटऱ्या मात्र इतरांपेक्षा भरलेल्या असतील, आणि पळताना ते दरवेळी शेवटून पहिलं येत असेल, तर त्याला ओरडण्याआधी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येईल त्या दिवशी पथकाला एवढंच सांगायचं. पुढची पहिली पायरी सीके नावाची रक्ताची तपासणी. स्नायू फुटत असला की त्यातलं हे द्रव्य रक्तात उतरतं, आणि ड्युशेनमध्ये ते नेहमीच्या कित्येक पट निघतं. वेळेत कळलं तर स्टेरॉइडनं चालण्याची काही वर्षं वाढतात, आणि पुढचं मूल होण्याआधी आईला जनुकाची तपासणी करून घेता येते. २०१६ च्या कायद्यानं स्नायूक्षयाला दिव्यांगत्वाच्या एकवीस प्रकारांत घेतलंय, म्हणजे प्रमाणपत्रही मिळतं. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. दुर्मीळ आजारांचं केंद्र असलेलं केईएम मुंबईला, रात्रभराच्या एसटीच्या अंतरावर.

दिवाळीनंतर आई-बाप फडावर निघायच्या आत हे व्हायला हवं. गाड्या भरल्या की त्या लेकराची शाळा सुटते, आणि गुरुजींची शिट्टी त्याच्या कानावर पडते ती थेट उन्हाळ्यात.