ऑपरेशन गुडघ्याचं, कसोटी मांडीची

म्हाताऱ्या कुत्र्याच्या मागच्या पायाचं ऑपरेशन झालं की घरात बहुधा दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं, टाके ताजे आहेत, वय झालंय, त्याला हलवूच नका. दुसऱ्याचं म्हणणं, एवढा खर्च केलाय, आता तो पळायलाच हवा. दोन्ही तट एक गोष्ट मात्र सारखीच धरून चालतात: पाय दुरुस्त करण्याचं काम ऑपरेशनच्या टेबलावर संपलं. घोटाळा इथेच होतो. ऑपरेशन सांध्याला स्थैर्य देतं, मज्जारज्जूवरचा दाब काढतं, मोडलेलं हाड जुळवतं. ताकद आणणं त्याच्या हातात नसतं. ताकद स्नायूची, आणि स्नायू भार पडल्याशिवाय वाढत नाही. तो भार कधी, किती आणि कसा टाकायचा, हेच पुढच्या दोन-तीन महिन्यांचं खरं काम असतं.

कुत्र्यांमध्ये मागचा पाय लंगडण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे गुडघ्यातल्या क्रूशिएट लिगामेंटला झालेली इजा. खेळाडूचं लिगामेंट एका झटक्यात तुटतं, तसं कुत्र्यांत क्वचितच होतं. बहुतेकांत ते महिनोन्‌महिने झिजत, विरत जातं आणि एखाद्या किरकोळ उडीचं निमित्त होतं. म्हणूनच एका गुडघ्याचं लिगामेंट गेलेल्या कुत्र्यांपैकी निम्म्याच्या आसपास कुत्र्यांचा दुसरा गुडघाही पुढे त्याच वाटेने जातो. या दुखण्यावर आज सर्रास केलं जाणारं टीपीएलओ हे ऑपरेशन अमेरिकेतल्या ऑरेगॉनचे पशुशल्यचिकित्सक बार्कली स्लोकम यांनी १९९३ साली मांडलं. त्यात नडगीच्या हाडाचा वरचा भाग गोलाकार कापून थोडा फिरवतात आणि प्लेट व स्क्रूंनी पक्का करतात. चालताना मांडीचं हाड मागे घसरायचं थांबतं. पण तोवर तो कुत्रा कित्येक आठवडे दुखरा पाय उचलून चाललेला असतो. उभ्या कुत्र्याचं साधारण साठ टक्के वजन एरवीही पुढच्या पायांवर असतं. लंगडायला लागल्यावर आणखी वजन पुढे सरकतं आणि मांडी वाळत जाते. म्हणजे ऑपरेशनच्या दिवशी जो पाय आपण डॉक्टरांच्या हवाली करतो, तो आधीच अशक्त झालेला असतो.

गैरसमज : वय झालं, आता ताकद यायची नाही

म्हातारपणी स्नायू झडतात, हाड जुळायला थोडा जास्त वेळ लागतो, हे खरंच आहे. पण झडणं आणि भाराला दाद न देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याचा सर्वांत बोलका पुरावा माणसांमधला आहे. १९९० साली बॉस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या घरातल्या दहा जणांना पायांचे वजनाचे व्यायाम दिले गेले. आठ आठवडे पुरे करणाऱ्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. माणसाचा आकडा कुत्र्याला जसाच्या तसा लागू करता येणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. आकडा लागू होत नसला तरी त्यामागचं शरीरशास्त्र होतं. सस्तन प्राण्याचा स्नायू वयामुळे हळू शिकतो, शिकायचा थांबत नाही. वयाने बदलते ती गती. तरुण कुत्र्याला आठवड्याला जेवढी वाढ झेपते, तेवढी अकरा वर्षांच्या लॅब्रॅडॉरला झेपेलच असं नाही, म्हणून पायऱ्या लहान ठेवायच्या. ‘म्हातारपण’ हे निदान म्हणून स्वीकारण्यात दुसराही धोका आहे. मागचे पाय लटपटण्यामागे खुब्याचा संधिवात, कमरेच्या मणक्यातला दाब किंवा डीजनरेटिव्ह मायलोपॅथी हा मज्जारज्जूचा आजारही असू शकतो. पंजा उलटा पडून नखं घासली जात असतील, तर प्रश्न स्नायूचा नसून मज्जातंतूचा असण्याची शक्यता मोठी आहे. तेव्हा व्यायाम वाढवण्याआधी तपासणी करून घ्यायची.

गैरसमज : सक्त विश्रांती म्हणजे पडून राहणं

डॉक्टर विश्रांती सांगतात तेव्हा त्यांना बेताल हालचालींवर बंदी अभिप्रेत असते. उडी, जिना, पळापळ, दारावरची बेल वाजली की धाव आणि दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती, यांवर ती बंदी असते. टीपीएलओनंतर कापलेलं हाड जुळायला साधारण आठ आठवडे लागतात. ते जुळल्याचं एक्स-रेमध्ये दिसेपर्यंत एकच चुकीची उडी प्लेट सैल करू शकते. पण त्याच आठ आठवड्यांत पट्ट्याला धरून, अगदी संथ, दिवसातून तीन-चार वेळा पाच-पाच मिनिटं चालणं हा उपचाराचाच भाग असतो, आणि ती मिनिटं आठवड्यागणिक वाढवायची असतात. संथपणाला इथे कारण आहे. कुत्रा वेगात असला की दुखरा पाय वर धरून तीन पायांवर निभावून नेतो. हळू चालताना त्याला प्रत्येक पाय टेकावाच लागतो. शिवाय सगळ्या ऑपरेशनांची विश्रांती सारखी नसते. खुब्याच्या हाडाचं डोकं काढून टाकणाऱ्या एफएचओ ऑपरेशनमध्ये जुळायला हाडच नसतं. तिथे आजूबाजूचे स्नायू आणि तंतू मिळून नवा आधार तयार करतात, म्हणून पाय लवकरात लवकर वापरायला लावावा लागतो. मणक्यातली सरकलेली चकती काढल्यानंतर उलट कित्येक आठवडे कुत्र्याला मर्यादित जागेत ठेवतात, पण तेव्हाही आडव्या कुत्र्याचे पाय हळुवार वाकवणं-सरळ करणं आणि आधार देऊन उभं करणं चालू असतं. शेजारच्या कुत्र्याला जे सांगितलं, ते आपल्या कुत्र्याला लागू करू नये, ते यासाठीच.

गैरसमज : तीन पायांवर मजेत फिरतो, म्हणजे दुखत नाही

कुत्रा केकाटला नाही म्हणजे वेदना नाही, या हिशेबाने अनेक घरांत वेदनाशामक गोळी आधीच बंद होते. जुनाट दुखणं कुत्रे आवाज करून क्वचितच सांगतात. रात्री जागा बदलत राहणं, विनाकारण धापा टाकणं, उठताना रेंगाळणं, उभं असताना दुखऱ्या पायाची फक्त बोटं टेकवणं, या त्यांच्या खुणा. दुखणाऱ्या सांध्याभोवतीचे स्नायू मेंदूच्या आणि मज्जारज्जूच्या पातळीवरच आखडते घेतले जातात, त्यामुळे वेदना कायम ठेवून केलेला व्यायाम मांडीपर्यंत पोहोचतच नाही. यावर एक आक्षेप नेहमी येतो: दुखणं थोडं राहू द्यावं, म्हणजे तो स्वतःच जपून राहील. पण कुत्र्याला आवरायचं काम पट्ट्याचं आहे. ते वेदनेवर सोपवलं तर तो पाय वापरायचंच सोडतो. मात्र गोळी कुत्र्यासाठी लिहून दिलेलीच हवी. घरातल्या औषधांच्या डब्यातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या जठराला व्रण पाडू शकते आणि मूत्रपिंड निकामी करू शकते. टीपीएलओनंतर बहुतेक कुत्रे दोनेक आठवड्यांत पाय टेकायला लागतात. तोवर पाय टेकलाच नाही, किंवा टेकत असलेला पाय पुन्हा उचलायला लागला, तर वाट पाहायची नाही. जंतुसंसर्ग, सैल झालेला स्क्रू, गुडघ्यातल्या कूर्चेची इजा, यांतलं काहीही असू शकतं.

गैरसमज : तेल चोळा आणि पोहायला सोडा, बाकी आपोआप होईल

मालिशने कुत्र्याला बरं वाटतं, आखडलेली पाठ आणि खांदे मोकळे होतात. पण मालिश कितीही केली तरी मांडी भरत नाही, आणि जखमेवर तेल किंवा हळद लावणं म्हणजे चाटायला आमंत्रण. पोहण्याचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. पाण्यात सांध्यांवर भार कमी पडतो आणि गुडघा चांगला वाकतो, हा त्याचा खरा फायदा. पण बरेच कुत्रे पोहताना पुढच्या पायांनीच पाणी कापतात आणि मागचे नुसते तरंगू देतात. विहिरीत किंवा नदीत त्यांना थांबवणं आपल्या हातात नसतं, आणि काठावर चढताना जोराचा झटका बसतो तो नेमका गुडघ्याला. पाण्याखालच्या ट्रेडमिलचं महत्त्व यातून कळतं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार पाणी घोट्यापर्यंत असताना कुत्रा आपल्या वजनाच्या ९१ टक्के भार पायांवर घेतो, गुडघ्यापर्यंत असताना ८५ टक्के आणि खुब्यापर्यंत असताना फक्त ३८ टक्के. म्हणजे पाण्याची पातळी खालीवर करून भार ठरवता येतो. ही सोय मोठ्या शहरांतल्या मोजक्या दवाखान्यांत आहे. ती नसली म्हणून काही अडत नाही, कारण भार ठरवायचे साधे मार्ग घरातही आहेत.

त्यांतला सर्वांत उपयोगी मार्ग म्हणजे बैस-ऊठ. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, सहसा पहिले काही आठवडे उलटल्यावर, तो सुरू करायचा. कुत्र्याला भिंतीला समांतर उभं करायचं, ऑपरेशनचा पाय भिंतीच्या बाजूला, म्हणजे बसताना तो पाय बाहेर फेकता येत नाही. बसल्यावर दोन्ही टाचा पोटाखाली, सरळ रेषेत हव्यात. मग खाऊ नाकासमोर धरून किंचित पुढे न्यायचा. वर नेला तर कुत्रा पुढच्या पायांवर उचकून उठतो आणि मागचे पाय कामालाच लागत नाहीत. थकलेल्या कुत्र्याच्या बुडाखाली सुरुवातीला जाड गोधडीची घडी ठेवली तर उठण्याचं अंतर कमी होतं. जसजशी ताकद येईल, तसतशी घडी पातळ करायची. एका वेळी चार-पाच उठा-बशा पुरतात. शेवटची वाकडी झाली तर ती मोजायची नाही आणि त्या वेळेपुरतं थांबायचं. या सगळ्याआधी फरशी पाहायची. गुळगुळीत टाइल्सवर मागचे पाय फाकतात आणि त्या भीतीनेच कुत्रा उठणं टाळतो. पाण्याच्या भांड्यापासून झोपायच्या जागेपर्यंत रबरी मॅट किंवा न सरकणारी सतरंजी, कापलेली नखं आणि पंजाच्या गाद्यांमधले कातरलेले केस, एवढ्यानेही चालण्यात फरक पडतो.

गैरसमज : म्हाताऱ्याला प्रोटीन कमी, कॅल्शियम जास्त

प्रोटीनने मूत्रपिंड बिघडतात ही समजूत इतकी पक्की आहे की ऑपरेशननंतर नेमकं ते कमी केलं जातं आणि वाटीत वरण-भात किंवा दूध-पोळी येते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या कुत्र्याचा आहार डॉक्टरांनीच ठरवायचा असतो. पण मूत्रपिंडं ठीक असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला स्नायू टिकवायला तरुणपणापेक्षा जास्त प्रोटीन लागतं. उकडलेलं अंडं, चिकन, मासे हा त्याचा सोपा स्रोत. फक्त कांदा-लसणाच्या रश्शातलं चिकन आणि शिजवलेली हाडं नकोत, कारण पहिलं रक्ताला घातक आणि दुसरी आतड्याला. कॅल्शियमने स्नायू वाढत नाही. निव्वळ घरचं जेवणाऱ्या कुत्र्याला ते कमी पडत असू शकतं, पण त्याचं प्रमाण अंदाजाने नव्हे, डॉक्टरांना विचारून ठरवायचं. सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे वजन. ४८ लॅब्रॅडॉरच्या जोड्या लावून त्यांना जन्मभर पाहिलेल्या एका अमेरिकी अभ्यासात जोडीतल्या दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणाऱ्या कुत्र्यांचं मध्यम आयुष्य १३ वर्षं भरलं, बाकीच्यांचं ११.२, सांधेही त्यांचे उशिरा झिजले. हिंडणं कमी झालेल्या कुत्र्याला पूर्वीइतकंच खायला घालणं म्हणजे अशक्त मांडीवर ओझं वाढवणं.

गैरसमज : फिजिओथेरपी हे पैसे उकळायचं निमित्त आहे

या शंकेला उत्तर द्यायचं तर पुरावा दोन्ही बाजूंनी पाहायला हवा. लिगामेंटचं ऑपरेशन झालेल्या ५१ कुत्र्यांच्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ठरवून व्यायाम दिलेल्या कुत्र्यांनी सहा महिन्यांनी दुखऱ्या पायावर जास्त भार घेतला. केवळ हालचाल मर्यादित ठेवलेले कुत्रे मागे राहिले. उलट, मणक्याच्या ऑपरेशननंतरच्या ३० कुत्र्यांवर २०१८ साली झालेल्या चाचणीत सुरुवातीच्या भरगच्च फिजिओथेरपीने कुत्रे लवकर चालायला लागले नाहीत. अपाय मात्र झाला नाही. या दोन निष्कर्षांत विरोध नाही. मज्जातंतू आपल्या गतीने सावरतो, त्याला घाई चालत नाही. स्नायूला मात्र कामाची भाषा कळते. म्हणून फिजिओथेरपीकडून चमत्काराची अपेक्षा करू नये आणि तिला थोतांडही म्हणू नये. ती कुठे काम करते, हे मोजता येतं. शिंप्याच्या टेपने दर पंधरवड्याला दोन्ही मांड्यांचा घेर, कुत्रा त्याच पवित्र्यात उभा असताना आणि मांडीवर त्याच उंचीवर, घ्यायचा आणि तारीख घालून लिहून ठेवायचा. आकड्यांतला फरक कमी होत गेला तर वाट बरोबर आहे. सलग दोन मोजण्यांत तो जागेवर राहिला तर व्यायाम, वेदना किंवा निदान यांपैकी काहीतरी पुन्हा तपासायला हवं.

अकरा-बारा वर्षांच्या कुत्र्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असंही कुणी विचारेल. त्याला उरलेलं आयुष्य एक-दोन वर्षांचं असेल, तर त्यातले तीन महिने हा मोठा हिस्सा आहे, हे मान्यच करायला हवं. पण पर्याय काय आहे, हेही पाहावं. मांडी भरली नाही तर दुसऱ्या गुडघ्यावरचा ताण वाढतो, आणि तो गुडघा आधीच झिजत आलेला असण्याची शक्यता निम्मी असते. दोन्ही मागचे पाय गेलेला तीस किलोचा कुत्रा लिफ्ट नसलेल्या इमारतीत उचलून खाली नेणं घरच्यांना झेपत नाही, आणि बऱ्याचदा अवघड निर्णयाची वेळ त्यातूनच येते. म्हणून डिस्चार्जच्या दिवशी ‘कधी बरा होईल’ एवढंच विचारून दवाखान्याबाहेर पडू नये. कोणत्या आठवड्यात किती मिनिटं चालवायचं, बैस-ऊठ कधी सुरू करायची, गोळी किती दिवस, एक्स-रे कोणत्या तारखेला आणि कोणतं लक्षण दिसलं की लगेच यायचं, ही पाच उत्तरं कागदावर लिहून घ्यावीत आणि तो कागद घरात सगळ्यांना दिसेल असा लावावा. तो लावला की घरातल्या दोन्ही तटांना भांडायला कारण उरत नाही.