मळणीपूर्वी ट्रॅक्टरच्या मीटरची केबल तपासा

कळंबच्या आसपास सोयाबीनच्या खळ्यावर, मीटरचा काटा शून्यावर पडलेला जुना ट्रॅक्टर दिसणे नवलाचे नाही. चालक आवाजावरून रेस ठेवतो. घरचे बियाणे राखायचे असेल तर हा अंदाज महागात पडतो. सोयाबीनचे बीजावरण पातळ असते. बियाण्याच्या मळणीत ड्रमचे फेरे मिनिटाला 400 च्या आसपास ठेवावेत. पीटीओचे फेरे 540 असताना ड्रम 400 फिरेल अशी पुली बसवली आणि रेस वाढून पीटीओ 675 वर गेला, तर ड्रम 500 वर जातो. दाणा वरून धड दिसतो, उगवण मात्र जूनमध्ये मार खाते. मीटरवर 540 ची खूण असते ती याचसाठी.

काटा बंद म्हणजे मीटर गेले, असे समजू नये. दोष बहुधा केबलमध्ये असतो. इंजिनाकडून मीटरपर्यंत नळीतून फिरणारी ही पोलादी पीळदार तार. जुन्या अँबॅसिडरच्या स्पीडोमीटरची केबल याच जातीची. मात्र ती गिअरबॉक्सवरून फिरते.

इंजिन बंद करून मीटरमागचा नट सोडावा व आतली तार ओढावी. तुटली असल्यास तुकडाच हाती येतो. अखंड असल्यास चौकोनी टोकांचे कोपरे झिजले आहेत का ते पाहावे. काटा नुसता थरथरत असेल, तर तार कोरडी आहे किंवा नळी कुठेतरी दुमडली आहे. अशी तार रॉकेलने धुऊन, वाळवून खालच्या दोन तृतीयांश भागाला ग्रीसचा पातळ हात द्यावा. वरचा भाग कोरडाच ठेवावा. तार फिरताना ग्रीस वर चढते आणि मीटरमध्ये शिरले की चांगले मीटर निकामी होते. हौसेने भरपूर ग्रीस भरणारे पुष्कळ भेटतात!

तुटलेली तार वेल्डिंगने जोडू नये. जुनी केबल दुकानात नेऊन तेवढ्याच लांबीची घ्यावी. बसवण्यापूर्वी तारेचे टोक मीटरच्या भोकात घालून बोटांनी फिरवावे; जड लागल्यास मीटर अडकले आहे, नवी केबलही तुटेल. केबल सायलेन्सरपासून दूर, मोठ्या वळणाने न्यावी. नट हातानेच आवळावा.

हेच मीटर तासही मोजते. बंद काळातले तास त्यात नसतात, म्हणून इंजिन ऑईल एकदा बदलून त्या दिवशीचा आकडा वहीत लिहावा आणि पुढची मोजणी तेथून धरावी.